मिनामाता आपत्ती

मिनामाता आपत्ती : औद्योगिक सांडपाण्यातील पाऱ्याच्या कार्बनी संयुगामुळे समुद्रातील जीव व त्यांवर उदरनिर्वाह करणारी माणसे यांना झालेली सामुदायिक विषबाधा. जपानच्या क्यूशू बेटावरील मिनामाता या लहानशा औद्योगिक शहराच्या परिसरात ही घटना घडली. १ मे १९५६ रोजी तिची पहिली अधिकृत नोंद झाली. सागरी प्रदूषणाच्या इतिहासात या घटनेला विशेष महत्त्व आहे. समुद्रात सोडलेला विषारी पदार्थ तेथील अफाट पाण्यात विरळ होऊन निरुपद्रवी होतो, अशी समजूत त्या काळी सर्वत्र रूढ होती. पाण्यात विरळ झालेले विष सजीवांच्या शरीरांत पुन्हा एकवटते आणि अन्नाच्या मार्गाने माणसाकडे परत येते, हे मिनामाता येथे मोठी किंमत मोजल्यावर कळून आले. कारण कळणे आणि त्याचे निवारण होणे यांत किती काळ जाऊ शकतो, याचाही धडा या घटनेने दिला. रोगाचे कारण १९५९ मध्ये उघड झाले. विषारी सांडपाण्याचे मूळ मात्र १९६८ मध्ये बंद झाले.

स्थळ व पार्श्वभूमी : मिनामाता शहर कुमामोतो प्रांताच्या दक्षिण टोकाला आहे. त्याच्या समोरचा उपसागर शिरानुई समुद्राचा एक लहान फाटा होय. शिरानुई समुद्र क्यूशूचा किनारा व अमाकुसा बेटे यांनी जवळजवळ सर्व बाजूंनी वेढलेला असल्यामुळे तो शांत व उथळ असून बाहेरच्या महासागराशी त्याच्या पाण्याची देवघेव अरुंद सामुद्रधुन्यांतूनच होते. मासे, कालवे, शिंपले, खेकडे व माकूल यांनी तो समृद्ध होता. किनाऱ्यावरील कोळी कुटुंबांच्या आहारात भातापेक्षाही मासळीचे महत्त्व अधिक असे.

शेती, मीठ आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या या गावात १९०८ मध्ये कॅल्शियम कार्बाइडचा कारखाना निघाला. त्यातूनच पुढे नायट्रोजनयुक्त खते बनविणारी मोठी कंपनी उभी राहिली. १९६५ पासून ती ‘चिस्सो’ या नावाने ओळखली जाऊ लागली. कारखान्याने गावाला रोजगार दिला, रेल्वे व बंदर यांची भरभराट केली आणि कालांतराने नगरपालिकेच्या कर-उत्पन्नाचा सुमारे निम्मा भाग एकट्या या कारखान्याकडून मिळू लागला. कारखान्याचे सांडपाणी प्रारंभापासूनच समुद्रात सोडले जाई. मासळी घटू लागल्याची तक्रार मच्छीमारांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात केली, तेव्हा १९२६ मध्ये कंपनीने त्यांच्या संघाला १,५०० येन दिले आणि यापुढे कधीही तक्रार करणार नाही, अशी अट त्यांच्याकडून मान्य करून घेतली. १९४३ मध्ये असाच आणखी एक करार झाला. समुद्राची हानी पैशाने भरून निघते व प्रश्न तेथेच मिटतो, अशी प्रथा अशा रीतीने रोग उद्भवण्याच्या कितीतरी आधी पडून गेली होती.

१९३२ मध्ये या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन सुरू झाले. ॲसिटिलीन वायू सल्फ्यूरिक अम्लातून नेऊन त्याचा पाण्याशी संयोग घडवून आणीत. या विक्रियेत मर्क्युरिक सल्फेट हे उत्प्रेरक म्हणून वापरले जाई. ॲसिटाल्डिहाइडपासून ॲसिटिक अम्ल, तसेच प्लॅस्टिक लवचिक करण्यासाठी लागणारे पदार्थ तयार होत. पहिल्या वर्षी सु. २१० टन असलेले हे उत्पादन १९५१ मध्ये सु. ६,००० टन व १९६० मध्ये सु. ४५,००० टनांवर गेले. विक्रियेच्या वेळी पाऱ्याचा अल्पसा अंश मिथिल पाऱ्यात रूपांतरित होई व सांडपाण्याबरोबर ह्याक्केन बंदराजवळील नाल्यातून उपसागरात जाई. १९५१ मध्ये प्रक्रियेत साहाय्यक उत्प्रेरक बदलण्यात आला आणि त्यामुळे हा अंश वाढला, असे पुढील संशोधनात आढळून आले. सर्व काळात मिळून समुद्रात गेलेल्या पाऱ्याचे प्रमाण ७० ते १५० टन किंवा त्याहून अधिक असावे, असा अंदाज केला जातो.

सागरी जीवांवरील परिणाम : माणसांत रोग दिसू लागण्यापूर्वी समुद्रात त्याची चिन्हे प्रकट झाली होती. १९५० नंतरच्या काही वर्षांत उपसागरात मासे उलटे होऊन पृष्ठभागावर तरंगताना दिसू लागले व ते हातांनीही पकडता येत. शिंपले मरून उघडे पडू लागले, तळावरील शैवलांची वाढ खुंटली. बोटींच्या बुडाला चिकटणारे बार्नेकलसारखे प्राणी नाल्याच्या मुखाशी नांगरलेल्या बोटींवर दिसेनासे झाले. समुद्रपक्षी व कावळे उडता उडता खाली कोसळत. कोळ्यांच्या घरांतून उष्टी मासळी खाणारी मांजरे लडखडत, गोल गोल फिरत आणि झटके येऊन मरत. काही समुद्रात पडत. गावकरी या विकाराला ‘नाचणाऱ्या मांजरांचा रोग’ म्हणत. किनाऱ्यावरील काही वस्त्यांत मांजरे जवळजवळ नाहीशी झाली व उंदरांचा सुळसुळाट झाला. १९५३ ते १९५७ या काळात मिनामाताच्या मच्छीमारांची पकड सु. ९१ टक्क्यांनी घटली.

मासे, पक्षी व मांजरे यांत दिसलेले हे विकार एकाच कारणाचे परिणाम होते. परंतु त्या काळी त्यांची पद्धतशीर नोंद करणारी यंत्रणा नव्हती आणि ज्यांनी ते प्रत्यक्ष पाहिले, त्या कोळ्यांच्या सांगण्याला शास्त्रीय पुराव्याचे मोल दिले गेले नाही.

रोगाचा प्रादुर्भाव : २१ एप्रिल १९५६ रोजी कारखान्याच्या रुग्णालयात पाच वर्षांची एक मुलगी दाखल झाली. तिला चालता येत नव्हते, बोलणे अडखळत होते व झटके येत होते. दोनच दिवसांनी तिच्या धाकट्या बहिणीत तीच लक्षणे दिसू लागली व शेजारच्या घरांतही तसेच रुग्ण आढळले. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे रोजी स्थानिक आरोग्य केंद्राला मध्यवर्ती तंत्रिका तंत्राच्या अज्ञात रोगाची साथ उद्भवल्याचे कळविले. ऑक्टोबर १९५६ पर्यंत ४० रुग्ण आढळले व त्यांपैकी १४ दगावले.

हातपाय व ओठ बधिर होणे, नजरेचे क्षेत्र आकुंचित होऊन नळीतून पाहिल्यासारखे दिसणे, चालण्यातील तोल जाणे, कंप, बहिरेपणा व बोलण्यातील अस्पष्टता ही या रोगाची मुख्य लक्षणे होत. तीव्र स्वरूपात झटके, बेशुद्धी व मृत्यू हा क्रम असे. शवविच्छेदनात निमस्तिष्क (लहान मेंदू) व मोठ्या मेंदूतील दृष्टिक्षेत्र यांतील कोशिकांचा नाश झालेला आढळे. सुरुवातीला रोग संसर्गजन्य समजून रुग्णांना वेगळे ठेवण्यात आले व त्यांच्या घरांत जंतुनाशके फवारण्यात आली. त्यामुळे रुग्णांच्या कुटुंबांवर गावाने जो बहिष्कार टाकला, तो संसर्गाची शंका फिटल्यानंतरही बरीच वर्षे टिकून राहिला.

कारणाचा शोध : कुमामोतो विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने ऑगस्ट १९५६ मध्ये संशोधक-गट नेमला. रोग संसर्गजन्य नसून उपसागरातील मासे व शिंपले खाल्ल्याने होणारी जड धातूची विषबाधा आहे, असा निष्कर्ष त्याने नोव्हेंबरातच काढला. तो धातू कोणता, हे ठरविणे अवघड गेले. कारण सांडपाण्यात अनेक धातू होते व कारखान्याने आपल्या प्रक्रियांची माहिती संशोधकांना दिली नाही. मँगॅनीज, सिलिनियम व थॅलियम यांचा क्रमाने संशय घेतला गेला. १९५८ मध्ये डग्लस मॅकॲल्पाइन या ब्रिटिश तंत्रिकातज्ञाने रुग्णांची लक्षणे कार्बनी पाऱ्याच्या विषबाधेशी जुळतात, असे दाखवून दिले. इंग्लंडमधील मिथिल पाऱ्याच्या कारखान्यातील कामगारांत आढळलेल्या अशाच लक्षणांचे वर्णन १९४० मध्ये प्रसिद्ध झाले होते. १९५९ च्या प्रारंभी उपसागरातील पाऱ्याची मोजणी झाली, तेव्हा सांडपाण्याच्या नाल्याच्या मुखाशी दर टन गाळात सु. २ किग्रॅ. पारा आढळला. तेथून दूर जावे तसे हे प्रमाण कमी होत जाई. रुग्णांच्या केसांत दशलक्ष भागांत ७०५ भागांपर्यंत पारा मिळाला. या परिसराबाहेरील लोकांत हे प्रमाण सरासरीने सु. ४ होते. २२ जुलै १९५९ रोजी विद्यापीठाच्या गटाने कार्बनी पारा हे रोगाचे कारण असल्याचे जाहीर केले.

कारखान्याच्या रुग्णालयातही स्वतंत्रपणे प्रयोग चालू होते. होसोकावा यांनी ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिले. प्रयोगवहीत त्याचा क्रमांक ४०० होता. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्याला तोच रोग झाला. हा निष्कर्ष प्रसिद्ध करण्यात आला नाही व पुढील प्रयोगांना मनाई झाली. होसोकावा यांनी १९७० मध्ये, आपल्या अखेरच्या आजारात, रुग्णशय्येवरून न्यायालयापुढे साक्ष दिली, तेव्हा तो अधिकृतपणे उजेडात आला.

समुद्रातील पाऱ्याचे संक्रमण : मूळ रूपातील पारा व त्याची अकार्बनी लवणे शरीरात फारशी शोषली जात नाहीत. मिथिल पारा मात्र आतड्यातून जवळजवळ पूर्णपणे शोषला जातो, प्रथिनांतील गंधकयुक्त गटांशी घट्ट बांधला जातो आणि रक्तातून मेंदूत सहज प्रवेश करतो. त्याचे उत्सर्जन अतिशय मंद गतीने होते. माणसाच्या शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सु. ७० दिवस लागतात. माशांत हा काळ पुष्कळच अधिक असतो.

पाण्यातील अत्यल्प मिथिल पारा प्रथम सूक्ष्म वनस्पतिप्लवक शोषून घेतात. त्यांवर जगणारे प्राणिप्लवक, ते खाणारे लहान मासे व लहान माशांना खाणारे मोठे मासे या क्रमाने तो पायरीपायरीने वाढत जातो. कारण प्रत्येक प्राणी आपल्या वजनाच्या अनेक पट अन्न खातो, पण त्यातील मिथिल पारा फारच थोडा बाहेर टाकतो. शिकारी माशांत पाण्याच्या तुलनेने लाखो पट अधिक पारा साठू शकतो. मिनामाता उपसागरातील मासे व शिंपले यांत दशलक्ष भागांत सु. ५ ते ३५ भाग पारा सापडला. जपानने १९७३ मध्ये खाण्याच्या मासळीसाठी ठरविलेली मर्यादा ०.४ भाग आहे. असा मासा दिसायला, वासाला व चवीला नेहमीसारखाच असतो आणि शिजविल्यामुळे त्यातील विष नाहीसे होत नाही. म्हणून ग्राहकाला आपले संरक्षण स्वतः करता येत नाही. सांडपाण्यात मिथिल पारा नसला, तरी धोका टळत नाही. पाण्याच्या तळावरील गाळातील सूक्ष्मजंतू अकार्बनी पाऱ्याचेही मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, असे स्वीडनमधील संशोधकांनी १९६९ मध्ये सिद्ध केले.

विलंबाची नऊ वर्षे : सप्टेंबर १९५८ मध्ये कारखान्याने ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी उपसागराऐवजी मिनामाता नदीच्या मुखाशी सोडण्यास सुरुवात केली. तेथे ते अधिक विरळ होईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात थोड्याच महिन्यांत नदीमुखाजवळील व उत्तरेकडील गावांत नवे रुग्ण दिसू लागले आणि प्रदूषण एका उपसागरातून साऱ्या शिरानुई समुद्रात पसरले. विरलीकरणाच्या कल्पनेची ही एक प्रकारे प्रत्यक्ष चाचणीच ठरली.

शासनाची भूमिकाही द्विधा होती. उपसागरातील मासळीवर अन्नस्वच्छता कायद्याने बंदी घालावी, ही प्रांतिक प्रशासनाची विचारणा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९५७ मध्ये अमान्य केली. उपसागरातील प्रत्येक मासा विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही, असे कारण त्यासाठी देण्यात आले. नोव्हेंबर १९५९ मध्ये याच मंत्रालयाच्या सल्लागार मंडळाने कार्बनी पारा हे कारण असल्याचा अहवाल दिला आणि दुसऱ्याच दिवशी तो तयार करणारी उपसमिती बरखास्त करण्यात आली. रासायनिक उद्योगाच्या बाजूने युद्धकाळात समुद्रात टाकलेली स्फोटके, सडलेल्या मासळीतील अमाइने असे पर्यायी सिद्धांत मांडण्यात आले. त्यांतील एकही टिकला नाही; परंतु प्रश्न अद्याप वादग्रस्त आहे, असे चित्र त्यांमुळे निर्माण झाले.

२ नोव्हेंबर १९५९ रोजी संतप्त मच्छीमार कारखान्यात घुसले. डिसेंबरात सांडपाणी शुद्ध करणारे एक संयंत्र मोठ्या समारंभाने बसविण्यात आले व कंपनीच्या अध्यक्षांनी शुद्ध केलेले म्हणून एक पेला पाणी सर्वांसमक्ष प्राशन केले. त्यात ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी नव्हते. विरघळलेला मिथिल पारा काढून टाकण्यासाठी ते संयंत्र बनविलेलेही नव्हते. त्याच महिन्याच्या ३० तारखेला रुग्णांशी ‘सांत्वन रकमेचा’ करार करण्यात आला. मृतांच्या कुटुंबांना ३ लाख येन, प्रौढ रुग्णांना वर्षाला १ लाख व मुलांना ३० हजार येन अशा त्याच्या मुख्य तरतुदी होत्या. रोगाला कारखान्याचे सांडपाणी कारणीभूत असल्याचे पुढे सिद्ध झाले, तरी रुग्ण अधिक भरपाई मागणार नाहीत, असे एक कलम त्यात होते. यानंतर आपत्ती संपली, असा सार्वत्रिक समज झाला.

ती संपलेली नव्हती. मेंदूच्या पक्षाघातासारखी लक्षणे असलेली अनेक बालके १९५५ नंतर या किनाऱ्यावर जन्मली होती. त्यांनी स्वतः मासळी खाल्लेली नसल्यामुळे त्यांचा या रोगाशी संबंध जोडला गेला नव्हता. वार ही गर्भाचे विषापासून रक्षण करते, असे तेव्हाचे वैद्यक मानीत असे. मिथिल पारा वारेतून गर्भात जातो व तेथे साठतो, हे मृत बालकांच्या परीक्षणावरून लक्षात आले. नोव्हेंबर १९६२ मध्ये १६ बालके जन्मजात मिनामाता रोगाचे रुग्ण म्हणून मान्य झाली. कित्येकांच्या मातांत लक्षणे सौम्य होती किंवा नव्हतीच. अपत्याची नाळ वाळवून जपून ठेवण्याची रीत जपानी कुटुंबांत आहे. अशा नाळांतील मिथिल पाऱ्याच्या मोजणीवरून पुढे त्या त्या वर्षीच्या प्रदूषणाची तीव्रताही ताडता आली.

१९६५ मध्ये होन्शू बेटावरील नीगाता प्रांतात आगानो नदीच्या मुखालगत हाच रोग पुन्हा उद्भवला. तेथेही नदीच्या वरच्या भागात त्याच पद्धतीने ॲसिटाल्डिहाइड बनविणारा शोवा डेंको या कंपनीचा कारखाना होता. मिनामाता येथील हे उत्पादन मे १९६८ मध्ये थांबले. तोवर खनिज तेलापासून ॲसिटाल्डिहाइड मिळविण्याची नवी पद्धत रूढ होऊन जुनी पद्धत आर्थिक दृष्ट्या निरुपयोगी झाली होती. त्यानंतर चार महिन्यांनी, २६ सप्टेंबर १९६८ रोजी, कारखान्याचे सांडपाणी हे मिनामाता रोगाचे कारण असल्याचे जपान सरकारने अधिकृत रीत्या मान्य केले.

न्यायनिवाडा व भरपाई : जून १९६९ मध्ये रुग्णांच्या एका गटाने कंपनीवर दावा दाखल केला. त्याच वर्षी मिचिको इशिमुरे या मिनामाताच्या लेखिकेचा या आपत्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे यूजीन स्मिथ व आयलीन स्मिथ या दांपत्याची छायाचित्रे जगभर पोहोचली. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतो जिल्हा न्यायालयाने कंपनीला दोषी ठरविले. घातक असू शकणारे सांडपाणी सोडण्यापूर्वी त्याची निर्धोकता तपासणे हे कारखान्याचे कर्तव्य होते, असे तत्त्व निकालात मांडण्यात आले व १९५९ चा करार लोकनीतीविरुद्ध म्हणून रद्द ठरला. कंपनीच्या माजी अध्यक्षांना व कारखाना-प्रमुखांना १९७९ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवून आणल्याबद्दल दोषी ठरविण्यात आले.

मार्च २००१ पर्यंत शिरानुई समुद्राच्या परिसरातील २,२६५ व्यक्तींना अधिकृतपणे रुग्ण म्हणून मान्यता मिळाली. त्यांपैकी १,७८४ तोवर मृत झाल्या होत्या. मान्यतेचे निकष १९७७ मध्ये कडक करण्यात आल्यामुळे हजारो अर्ज नाकारले गेले. १९९५ मधील राजकीय तडजोड व २००९ चा विशेष कायदा यांद्वारे अशा अनेकांना मर्यादित साहाय्य मिळाले. ऑक्टोबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेळीच प्रतिबंध न केल्याबद्दल केंद्रीय व प्रांतिक शासनांनाही जबाबदार धरले. सप्टेंबर २०२३ मध्ये ओसाका जिल्हा न्यायालयाने १२८ वादींना या रोगाचे रुग्ण ठरविले. पहिल्या नोंदीला त्या वेळी सदुसष्ट वर्षे होऊन गेली होती.

उपसागराचे शुद्धीकरण : सांडपाणी थांबले, तरी गाळातील पारा तसाच राहिला. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून १९७४ मध्ये उपसागराच्या मुखाशी जाळी लावण्यात आली. १९७७ ते १९९० या काळात दशलक्ष भागांत २५ भागांहून अधिक पारा असलेला सु. १५ लाख घ.मी. गाळ उपसून किंवा जागच्या जागी कोंडून त्यावर स्वच्छ मातीचा भराव घालण्यात आला. त्यातून ५८ हेक्टर नवी जमीन तयार झाली. या कामास सु. ४८.५ अब्ज येन खर्च आला. मासळीतील पाऱ्याचे प्रमाण मर्यादेखाली आल्यावर १९९७ मध्ये उपसागर सुरक्षित असल्याचे जाहीर होऊन जाळी काढण्यात आली. भराव घातलेल्या जमिनीवर आता उद्यान व स्मारक आहे. पारा नष्ट झालेला नाही. तो त्याखाली बंदिस्त आहे आणि भूकंपप्रवण प्रदेशातील त्या बंधाऱ्यांची देखभाल पुढील पिढ्यांना करावी लागणार आहे.

व्यापक परिणाम : १९७० मध्ये जपानच्या संसदेने एकाच अधिवेशनात प्रदूषणविषयक चौदा कायदे संमत केले व १९७१ मध्ये पर्यावरण विभाग स्थापन झाला. १९७२ च्या स्टॉकहोम येथील मानवी पर्यावरण परिषदेच्या वेळी मिनामाताचे रुग्ण तेथे उपस्थित होते. त्याच वर्षीच्या लंडन करारान्वये पारा व त्याची संयुगे जहाजांतून समुद्रात टाकण्यास मनाई करण्यात आली. मात्र मिनामाताचे विष जहाजातून आलेले नव्हते, तर किनाऱ्यावरील नाल्यातून आले होते. पाऱ्याचे खाणकाम, वापर, व्यापार व उत्सर्जन या सर्वांवर नियंत्रण ठेवणारा जागतिक करार ऑक्टोबर २०१३ मध्ये कुमामोतो येथे संमत झाला व १६ ऑगस्ट २०१७ रोजी अंमलात आला. त्याला मिनामाता करार असे नाव देण्यात आले. भारताने तो २०१८ मध्ये अनुसमर्थित केला.

भारताच्या किनाऱ्यावरही पाऱ्याचा प्रश्न उद्भवला आहे. दाहक सोड्याच्या निर्मितीत पाऱ्याचे ऋणाग्र वापरण्याची पद्धत येथे दीर्घकाळ रूढ होती. मुंबईनजीकची ठाणे खाडी व उल्हास नदीची खाडी यांच्या काठांवर रासायनिक उद्योग वाढल्यानंतर तेथील गाळात पाऱ्याचे प्रमाण नैसर्गिक पातळीहून बरेच अधिक आढळून आले. पुढे कारखान्यांनी पटल पद्धती स्वीकारल्यामुळे पाऱ्याचा हा वापर मागे पडला. तथापि गाळाच्या खालच्या थरांत त्या काळाची नोंद शिल्लक आहे. खाडीतील मासळी, खेकडे व शिंपले हे काठावरील कोळी वस्त्यांचे आजही नित्याचे अन्न असल्यामुळे अशा गाळाची व मासळीची नियमित तपासणी आवश्यक ठरते. मिनामाता येथे मरून तरंगणारे मासे व लडखडणारी मांजरे कोळ्यांनी पाहिली, त्यानंतर काही वर्षांनी पहिला रुग्ण रुग्णालयात आला. सागरी जीवांत दिसणारे बदल ही माणसाला मिळालेली पूर्वसूचना समजून त्यांची वेळीच नोंद घेणे, हा या आपत्तीचा सर्वांत व्यवहार्य निष्कर्ष होय.